पाचवीचं चूलबंद आवतन

माझ्या पोरीची चौथी झाली त्या उन्हाळ्यात आमच्या गावात शिक्षणावर सभा झाली. त्या सभेला सगळं गाव उपाशी आलं, आणि ते माझ्यामुळे आलं. हे आधीच सांगून टाकते.

बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव कुंभार पिंपळगावहून आत, मधे एक ओढा. शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर ओढा ओलांडून पिंपळगावला जायचं. मुलगे जायचे, तेही पावसाळ्यात घरी बसायचे. मुली जायच्याच नाहीत. मीसुद्धा माहेरी चौथीपर्यंतच शिकले. त्याचं मला फार वाईट वाटलं असं काही नाही. वाईट वाटतं का म्हणून कुणी विचारलंही नव्हतं.

पोरीचं मात्र वेगळं होतं. माझी नणंद मंठ्याच्या बाजूला दिलेली. तिला दुसरं मूल झालं होतं आणि ते धरायला कुणीतरी हवं होतं. सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आत्याबाई म्हणायचे त्यांनी, ठरवून टाकलं की चौथी झाली, आता पोरगी आत्याकडे जाईल. मला यातलं पुढचं दिसत होतं. एकदा गेली की दोन वर्षं मूल धरणार, आणि तिसऱ्या वर्षी तिथूनच कुणीतरी तिला सून करून घेणार. मी म्हटलं, पोरगी शिकतेय तर शिकू द्या. आत्याबाई म्हणाल्या, "गावात पाचवी असती तर बसवली असती. न्हाई तर पोरीनं काय भिंतीकडं बघत बसायचं?"

पाचवी गावात येईल असं त्यांना स्वप्नातही वाटत नव्हतं, म्हणून त्यांनी हा शब्द चारचौघींत दिला. मी तो धरून ठेवला.

तेवढ्यात आमच्या हेडगुरुजींना कुठून तरी कळलं की काही गावांना पाचवीचा वर्ग मिळणार आहे. वर्ग द्यायचा की नाही हे एक साहेब येऊन बघणार होते. साहेबाला नुसतं ये म्हटलं तर तो येत नाही, पण कार्यक्रम ठेवला, हार ठेवला, भाषण ठेवलं की येतो, असं गुरुजींचं म्हणणं. म्हणून त्यांनी कार्यक्रम ठेवला आणि त्याला नाव दिलं 'शिक्षणाचे भवितव्य'. शाळेच्या भिंतीवर चुन्याने हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचलं नाही, आणि ज्यांना येत होतं त्यांना वाटलं, शाळेच्या भिंतीवर आहे म्हणजे पोरांसाठी असेल.

मग चावडीवर बैठक झाली. बैठकीत शिक्षणाचं नाव एकदा निघालं, सुरुवातीला. बाकी सगळा वेळ पहिला हार कुणी घालायचा यावर गेला. सरपंच अध्यक्ष होणार म्हणून हार त्यांना आधी की पाहुण्याला आधी, यावर दोन म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले. खायला काय द्यायचं यावर मात्र लगेच एकमत झालं. साहेबांना चहा आणि बिस्किटं, बाकीच्यांना पाणी.

गुरुजी दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आले. मी लिहिता-वाचता येणारी म्हणून बायकांना बोलवायचं काम माझ्याकडे. ते म्हणाले, "बाई, साहेब आधी पोरी मोजतात. सभेत पोरी दिसल्या नाहीत तर पाचवी विसरा."

मी निघाले. चार घरं केली आणि चारही घरी एकच उत्तर मिळालं. बाई म्हणायची, मी येऊन जाईन घडीभर, पण पोरगी कशी येणार, भाकरी कोण थापणार? पाचव्या घरी जायच्या आत मी परत फिरले. गोष्ट साधी होती. घरात चूल पेटली की तिच्यासमोर एक पोरगी बसणार. चूल पेटली नाही तरच ती सुटणार.

आता आमच्याकडे आवतनाची रीत अशी की कार्य असलं म्हणजे अक्षता, म्हणजे हळदीत पिवळी केलेली ज्वारी, घेऊन घरोघर जायचं, दारात चार दाणे द्यायचे आणि किती जणांना बोलावलंय ते सांगायचं. एकाला, जोडप्याला, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे सगळ्या घराला. तान्ह्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. पेटवली तर तो आवतन देणाऱ्याचा अपमान.

मी घरी आले, ज्वारी घेतली, हळदीत घोळली आणि परत निघाले. प्रत्येक दारात चार दाणे टाकले आणि म्हटलं, "शनिवारी सकाळी शाळेत. चूलबंद हाय."

जेवण कोण देणार याचा मी विचार केला नव्हता असं नाही. केला होता. पण जो कोणी सांगण्यासारखा होता त्याला सांगितलं असतं तर त्याने मला घरात बसवलं असतं. म्हणून नाही सांगितलं.

बायकांनी विचारलं, कार्य कुणाचं? मी म्हटलं, शाळेचं. त्यावर कुणी जास्त बोललं नाही. लग्नसराईचे दिवस होते, रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी होतंच. एकीने तेवढं विचारलं की शाळेला आहेर काय करायचा. मी म्हटलं, रीतीप्रमाणे करा. हेही मी म्हणायला नको होतं.

सगळ्यात शेवटी बौद्धवाड्यात गेले. तिथे माझी एक मैत्रीण होती. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आम्ही दोघी एका ढिगावर होतो, तेव्हापासूनची. तिचा मुलगा माझ्या पोरीच्याच वर्गात. मी ज्वारी पुढे केली तर तिने हात मागे घेतला.

"आम्ही अक्षता घेत न्हाई आता," ती म्हणाली. "पण सभा हाय म्हंतीस तर येतो. किती वाजता?"

अख्ख्या गावात वेळ विचारणारी ती एकटीच. त्यांच्याकडे दरवर्षी जयंतीची सभा व्हायची. सभा म्हणजे काय हे गावात त्यांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांना लग्न ठाऊक होतं.

मी वेळ सांगितली आणि ओघात चूलबंदही सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"जेवायला काय करून राह्यलेत?"

मी पुढे केलेली ज्वारी परत पदरात टाकली.

"सरपंचाला सांगितलं का?"

"न्हाई."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग म्हणाली, जल्दी सांग बाई, न्हाई तर गाव तुलाच शिजवून खाईल. मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी उठून अंगणात आले तर गावावर धूर नव्हता. एकाही घरातून नाही. मी लग्न होऊन आल्यापासून असं कधी पाहिलं नव्हतं. दुष्काळातसुद्धा थोडाफार धूर असायचा. मी तशीच आत गेले. मालकांना उठवलं आणि सगळं सांगितलं. मग त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "मी सरपंचाला सांगून येतो. तू माझ्याबरोबर येऊ नको. वाटेत कुणी भेटलं तर मी तुला वळखत न्हाई."

सरपंचांच्या घरी पुढच्या आठवड्यात मुलाचं लग्न होतं. डाळ, तांदूळ, रवा, गूळ सगळं भरून ठेवलेलं, मोठी पातेलीही आणून ठेवलेली. हे मला माहीत होतं. मी भोळेपणाने काही केलं असं कुणी समजू नये. सरपंच आधी खूप ओरडले. पण अध्यक्ष तेच होते. त्यांच्या सभेतून गाव उपाशी परत गेलं असतं तर मुलाच्या लग्नाला कुणी आलं नसतं. त्यांनी कोठी उघडली. त्यांच्या बायकोने माझ्याशी पुढे चार वर्षं अबोला धरला, आणि तो तिने नीट पाळला.

शाळेमागे तीन चुली मांडल्या. वरण, भात आणि गुळाचा शिरा. गडबडीत गड्यांनी पाणी काढलं ते जवळच्या, शाळेच्या विहिरीचं. ते पाणी खारं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही हे गावातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं, पण बायकांना कुणी विचारलं नाही आणि मी त्या दिवशी तोंड उघडण्याच्या स्थितीत नव्हते.

इकडे लोक यायला लागले. बौद्धवाड्यातली माणसं वेळेवर आली, पांढरे कपडे घालून, पोरांच्या हातात पाट्या देऊन, आणि सरळ पुढे जाऊन बसली. बाकीचं गाव उशिराने, नटून आलं. बायका नऊवारी नेसून, नथा घालून. शेजारच्या वस्तीवरचे पाहुणेही आले, कारण काही घरांनी अक्षता पुढे पाठवून दिल्या होत्या. आणि पोरी आल्या. इतक्या पोरी गावात आहेत हे मलाही माहीत नव्हतं. माझी आपल्या मैत्रिणींबरोबर दुसऱ्या रांगेत बसली.

साहेब बैलगाडीतून उतरले. बारीक, चष्मा लावलेला माणूस. एवढी गर्दी बघून त्यांनी गुरुजींना विचारलं की आज इथे आणखी काही आहे का. गुरुजी म्हणाले, नाही, शिक्षणाची आवड आहे.

हार झाले. मग आहेर सुरू झाला. एका म्हाताऱ्याने उठून साहेबांच्या डोक्यावर टोपी घातली आणि हातात टॉवेल दिला. मग दुसऱ्याने त्या टोपीवर आपली टोपी घातली, कारण पहिल्याची टोपी काढायची म्हणजे पहिल्याचा अपमान. तिसऱ्याने तिसरी. साहेब मान ताठ धरून बसले होते. पाचव्या-सहाव्या टोपीला ढीग कलला तेव्हा गुरुजींनी तो मागून एका हाताने धरला. इकडे बायकांनी गुरुजींच्या बायकोची ओटी भरायला घेतली. तिचं कार्य आहे असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. तिला चार-पाच खण मिळाले आणि तिने ते मुकाट्याने घेतले. पुढे कधी परत केले नाहीत.

मग साहेबांचं भाषण. त्यांनी दोन कागद लिहून आणले होते. पुढच्या पन्नास वर्षांत शिक्षण कसं होईल, हे त्यात होतं. प्रत्येक शाळेत वीज येईल, यंत्रं येतील, पोरं घरबसल्या जगाचं ज्ञान घेतील. लोक चांगले ऐकत होते, पण तोंडं शाळेमागे होती. भाषण संपत आलं. गुरुजींनी कोपऱ्यावरून डोकावून चुलीकडे बघितलं. चुलीपाशी आमचे मालक होते. त्यांनी पळीतली डाळ बोटांनी चेपली आणि हात हलवला. नाही.

गुरुजी साहेबांच्या कानाला लागले. साहेब पाणी प्यायले आणि पुढच्या शंभर वर्षांबद्दल बोलायला लागले. ते कागदावर नव्हतं. ते थांबले, गुरुजींनी डोकावलं, मालकांनी हात हलवला. डाळीत सोडा टाकला, तरी नाही. साहेबांनी मग स्वतःच्या लहानपणाबद्दल सांगितलं. तेही संपलं.

गुरुजींनी जाहीर केलं की आता गावकरी आपले विचार मांडतील. असं काही ठरलेलं नव्हतं. पण उपाशी माणूस बसून राहण्यापेक्षा उभा राहून बोलतो. एकाने सांगितलं की शाळा सुगीत बंद ठेवावी. दुसरा म्हणाला की पोरांना जनावरांची औषधं शिकवावीत, बाकीचं ती विसरतातच. एका आजोबांना वाटलं गुरुजी हल्ली मारत नाहीत म्हणून पोरं बिघडली. त्यांच्याच नातवाने मागून सांगितलं की मारतात. सरपंचांनी एसटी गावापर्यंत यावी अशी मागणी केली. साहेब म्हणाले ते माझ्या खात्यात नाही. सरपंच म्हणाले, लिहून तर घ्या. साहेबांनी लिहून घेतलं. टोप्या तशाच होत्या.

तेव्हा माझी मैत्रीण उभी राहिली. बाई उभी राहिली म्हणून कुजबूज झाली, पण तिने ती ऐकली नाही.

"साहेब, पन्नास वर्षांचं पुन्हा कधी बोलू," ती म्हणाली. "येत्या जूनचं सांगा. ही पोरं चौथी झाली. जूनमधी कुठं बसवायची?"

साहेब थोडे दमले होते आणि त्यांनाही भूक लागली असावी. त्यांनी कागद खाली ठेवला आणि पहिल्यांदाच सरळ बोलले. म्हणाले, वीस पोरांची यादी द्या. प्रत्येक पोराच्या नावापुढे घरच्या मोठ्या माणसाची सही नाहीतर अंगठा. आत्ता दिली तर मी घेऊन जातो. नंतर पाठवतो म्हणाल तर ती पोचत नाही, मला अनुभव आहे.

भाषण ऐकायला काही लागत नाही, अंगठ्याचं तसं नव्हतं. गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. पोराच्या पाचवीला कोण नाही म्हणणार, पण पोरीच्या नावापुढे अंगठा द्यायचा म्हणजे घरी जाऊन बायको, आई, आजी सगळ्यांना तोंड द्यायचं. मैत्रिणीने आपल्या मुलाचं नाव पहिलं लिहवून घेतलं. वाड्यातली आणखी सहा-सात पोरं झाली, त्यात तीन पोरी. मग गाडी अडली.

मी उठले. म्हटलं, माझ्या पोरीचं लिहा, मी सही करते. मला सही येत होती. तिथे बसलेल्या बायकांत आणखी कुणाला येत नव्हती, आणि मी ती कधी कुठे केली नव्हती.

"बस खाली," आत्याबाई म्हणाल्या. त्या बायकांत सगळ्यात पुढे बसल्या होत्या. आधी कुंकू त्यांना लावलं नाही म्हणून रुसलेल्या होत्या ते वेगळं. सगळं गाव त्यांच्याकडे बघायला लागलं. चारचौघींत दिलेला शब्द त्या चारचौघींनाही आठवत होता, आणि त्यातल्या दोघी शेजारीच बसल्या होत्या.

गुरुजींनी विचारलं, "मंग आजी, लिहू का नातीचं?"

आत्याबाईंनी शाळेमागच्या धुराकडे बघितलं.

"सकाळधरनं पोटात अन्नाचा कण न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी जेवण. मंग अंगठा."

यावर सगळं गाव एकदम हो म्हणालं. सबंध दिवसात पहिल्यांदाच गावाचं एका गोष्टीवर एकमत झालं. आधी जेवण, मग अंगठा. साहेबही हो म्हणाले. नाही म्हणून काय करणार, गाडीवानसुद्धा पंगतीची वाट बघत होता.

सरपंचांनी डाळीचा नाद सोडला. कच्च्या डाळीचं पाणी वरण म्हणून वाढायचं ठरलं.

पंगत बसवताना कोण कुणाशेजारी बसणार ही कुरबूर सुरू होणार हे गुरुजींना माहीत होतं. त्या काळी ती होतच होती, आज मी ती नव्हती म्हणाले तर खोटं होईल. गुरुजींनी घंटा वाजवली आणि सांगितलं, ही शाळा आहे, इथे इयत्तेप्रमाणे बसायचं. पोरं आपल्या वर्गाच्या रांगेत, आणि घरची माणसं आपल्या पोरांमागे. तीन म्हातारे हे आम्हाला चालणार नाही म्हणून उठून घरी गेले. घरी चूल बंद. थोड्या वेळाने आले आणि तिसरीच्या रांगेत बसले.

गुरुजींनी यादी आणि शाईचं पॅड घेऊन हात धुवायच्या जागेवर टेबल लावलं. पण पॅड उन्हात वाळून गेलं होतं, अंगठा नुसता कोरडा उठायचा. गुरुजी घाबरे झाले. इतक्यात चौथीच्या रांगेतून एक माणूस जेवून उठला, पोरीचं नाव सांगितलं आणि हात न धुता अंगठा दाबला. वरणातल्या हळदीचा पिवळाधमक अंगठा उठला, रेषान् रेष दिसत होती. गुरुजींनी साहेबांकडे बघितलं. साहेब शिरा खात होते. त्यांनी मान हलवली. मग ओळच लागली. अंगठा आधी आणि पाणी नंतर. डाळ शिजली नव्हती म्हणून वरण पातळ होतं, आणि पातळ होतं म्हणून अंगठे स्वच्छ उठले.

आत्याबाई शेवटी उठल्या. दोनदा शिरा घेतला होता. मी टेबलापाशी गेले, गुरुजींच्या हातातला टाक घेतला. आत्याबाईंनी तो माझ्या हातातून काढून गुरुजींना परत दिला.

"हिची सही नगं," त्या म्हणाल्या. "हिनं सगळ्या गावाला फसवून आणलं. माझा अंगठा घ्या."

आणि पोरीच्या नावापुढे अंगठा दाबला. बोटाला शिऱ्याचं तूप होतं म्हणून कागद त्या जागी पारदर्शक झाला. सव्वीस नावं झाली, त्यात अकरा पोरी. साहेब ती यादी घेऊन गेले. टोप्या गाठोड्यात बांधून दिल्या.

वर्ग मिळाला. आदेश यायला आषाढ उजाडला आणि मास्तर यायला पोळा, पण मिळाला. पोरगी मंठ्याला गेली नाही. नणंदेने दुसरं कुणीतरी बघितलं.

गावाने मला पुढे कित्येक वर्षं कुठल्याच कार्याचं आवतन द्यायला पाठवलं नाही. त्यात माझं काही बिघडलं नाही, उन्हात फिरावं लागलं नाही.

आणि पोरगी पाचवीत गणितात नापास झाली. निकालाच्या दिवशी मी तिला दोन रपाटे घातले आणि म्हटलं, एवढा खटाटोप करून हेच करायचं होतं तर गेली असतीस आत्याकडे. आत्याबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, वर बघितलंही नाही.

"तू कशाला मारून राह्यली तिला? मी अंगठा दिलाय, तू न्हाई. बसंल अजून एक वर्ष. शाळा गावात हाय, कुठं पळून चालली?"

पोरगी बसली अजून एक वर्ष. दुसऱ्या वेळी पास झाली, तेही काठावर.